पान आबा काढतील

१४ जून २००४, सोमवार

आज सगळीकडच्या शाळा उघडल्या. आमचीही उघडली, पण ओसरीवर.

मंचरला शिबिर घेतलं त्या बाईंनी बजावलं होतं, की मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकाने वही लिहावी आणि वहीशी खोटं बोलू नये. म्हणून ही दोनशे पानी. पहिली खरी गोष्ट, मला भीती वाटते आहे. दुसरी, हे मी घरात कुणाला सांगणार नाही.

मुद्दा तेजूचा आहे. माझी मुलगी आठ वर्षांची, दुसरी पास, आणि तिला वाचता येत नाही. मे महिन्यात भोसरीच्या जाऊबाईंनी तिच्या हातात लग्नपत्रिका दिली. म्हणाल्या, वाच बाळा. तेजूने पत्रिकेकडे बघितलं, जाऊबाईंकडे बघितलं आणि पुस्तकातली कविता म्हणून दाखवली, चालीवर. जाऊबाई हसल्या. मी बी.ए. आहे आणि माझ्यासमोर हसल्या.

वस्तीच्या शाळेत भिमाजी गुरुजी एकटे चार इयत्ता सांभाळतात. त्यांना जाब विचारला तर म्हणाले, "वहिनी, समदं घडाघडा म्हणती की! मला वाटलं वाचती." शिवाय वर्षभर रोज सकाळी दहाला पोरीच्या पोटात दुखायचं. अशी शाळा काय चाटायची आहे? नाव काढायला गेले तर गुरुजींनी हात जोडले. "नाव नका काढू. पट घटला तर दुसरा मास्तर कवाच मिळायचा न्हाई. पोरगी ऱ्हाऊ द्या घरी, नाव ऱ्हाऊ द्या हितं." बरं म्हटलं. नावाला काय खायला लागतं!

धाकटा प्रबुद्ध यंदा पहिलीत जायचा होता. त्यालाही ठेवून घेतला. तो नवं दप्तर पाठीला लावून दुपारपर्यंत रडत होता.

१६ जून, बुधवार

आबा दोन दिवस जेवले नाहीत.

आबा म्हणजे माझे सासरे, भागुजी. एसटीत हेल्पर होते, आता वस्तीतल्या विहाराचे अध्यक्ष. लहानपणी त्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवायचे. तिथे बसून ते शिकले. आमच्या घरातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आबा ती सांगतात तेव्हा पाहुण्यांचा चहा निवतो.

आज बोलले. "आमी आत बसाया तरसलो अन् तू आतली पोरगी भायेर काढलीस."

मी शिबिरातलं सगळं सांगितलं. मूल आपणहून शिकतं, त्याला मोकळं सोडावं लागतं, वगैरे. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि अट घातली. दसऱ्याला, धम्मचक्र दिनी, विहारात सगळ्यांसमोर तेजूने ग्रंथातलं एक पान वाचायचं. "पान मी काढीन. वाचलं तर तुजी शाळा खरी. न्हाई वाचलं, तर दिवाळीनंतर पोरगी भोसरीला थोरल्याकडं. तिथं शाळेची बस दाराशी येती."

यांच्याकडे बघितलं. हे ओतूरला मोटारी रिवाइंड करतात. घरात वाद झाला की यांना एखादी जळालेली मोटार आठवते. आजही आठवली.

भोसरीला. जाऊबाईंच्या घरी. माझी तेजू रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. तिथे कुणाचा पदर धरणार? जाऊबाई तर ड्रेस घालतात.

२१ जून, सोमवार

मुक्त शिक्षणाचं वेळापत्रक तयार केलं. साडेनऊ परिपाठ, पावणेदहा मुक्त वाचन, साडेदहा मुक्त गणित, अकरा वाजून दहा मिनिटांनी मोकळा वेळ, दहा मिनिटं. घंटा म्हणून स्टीलची थाळी आणि उलथनं. मुलांनी मला घरात आई आणि ओसरीवर बाई म्हणायचं ठरलं.

दहा वाजता तेजूच्या पोटात दुखलं. जुनी सवय जायला वेळ लागतो.

२५ जून, शुक्रवार

पाचही दिवस दहा वाजता दुखलं. प्रबुद्धच्याही दुखायला लागलं. त्याला तर सवय लागायलाही शाळा मिळाली नव्हती.

२८ जून, सोमवार

ओतूरला जाऊन बूथवरून शिबिरातल्या बाईंना फोन केला. वेळापत्रक ऐकून त्यांनी मोकळ्या वेळाची दहा मिनिटं दोनदा विचारून घेतली. मला वाटलं लाइन खराब आहे. मग म्हणाल्या, "अंजनाताई, मुलांच्या पुढे चालू नका. मागे चाला."

थाळी स्वयंपाकघरात परत. उद्यापासून मुलांच्या मागे.

२९ जून, मंगळवार

मागे चालले. प्रबुद्ध म्हशीच्या मागे चालला. तेजू झोपली.

५ जुलै, सोमवार

वर्षावास सुरू झाला. आता तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. दोन्ही मुलांना घेऊन गेले, कानावर चांगले शब्द पडतात.

आबांचं मला खरंच कौतुक वाटतं. वंदना आणि प्रतिज्ञा तेच घेतात, पुस्तक हातात धरून. पुस्तकाकडे बघतसुद्धा नाहीत, आणि एक अक्षर चुकत नाही. ग्रंथ वाचायची वेळ आली की मात्र पुढ्यातला ग्रंथ एखाद्या पोराकडे सरकवतात. "माजा घसा बसतो. तुमी शिकल्याली पोरं, तुमी वाचा." मान स्वतःकडे घ्यायचा नाही, तरुणांना द्यायचा. हे आबांकडून शिकायला हवं.

घरी आल्यावर पेपर मागितला. चष्मा सापडेना. मी शोधून दिला तोवर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तूच वाच, तुजा आवाज बरा हाय." सासऱ्याने सुनेच्या आवाजाला बरं म्हणावं, असं अजून कुणाच्या घरात घडतं?

१५ जुलै, गुरुवार

व्यवहारातलं वाचन. आबांना आणि तेजूला ओतूरच्या स्टँडवर पाठवलं. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या आणि मढची गाडी धरून वस्तीतल्या कुशाबाईच्या लेकीकडे लोणच्याची बरणी पोचवायची. तीस वर्षं एसटीत काढलेला माणूस बरोबर असल्यावर काळजी कसली?

संध्याकाळी दोघं बरणीसकट परत. गेले ब्राह्मणवाड्याला. आबा म्हणाले, "ड्रायवर बदलला त्येला मी काय करू? त्या गाडीवर कायम मढचाच ड्रायवर असायचा." तेजूला विचारलं, तू पाटी वाचली नाहीस? म्हणाली, "आबा म्हणाले मढ. मग मी पण वाचलं मढ."

आबांचं वय झालं. नजर अधू झाली असेल. कुणाला तरी सांगून डोळे तपासून आणले पाहिजेत.

२६ जुलै, सोमवार

वही, ऐक! तेजू वाचायला लागली!

शिबिरातल्या बाई म्हणाल्या होत्या, तिच्यावर काही लादू नका, फक्त तुम्ही वाचून दाखवा. चार दिवस मी झोपताना एकच गोष्ट वाचत होते, कोल्ह्याची आणि करवंदांची. आज दुपारी तेजूने स्वतः पुस्तक घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. अडखळणं नाही, थांबणं नाही. आणि पुस्तक उलटं होतं! उलट्या पुस्तकातून पोर घडाघडा वाचते आहे! मी बी.ए. होऊन मला ते जमत नाही.

आबा खाटेवरून बघत होते. उठून आले, तेजूच्या हातातलं पुस्तक हळूच सुलट केलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. डोळ्यात पाणी होतं. नातीच्या कौतुकाने माणूस कसा हलतो.

भोसरीला पत्र टाकणार होते. हे म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांब. ऊठसूट यांचं थांब.

२८ जुलै, बुधवार

आबा बदलले! आपणहून म्हणाले, "पोरांना रोज अकराला मी घिऊन जातो. रानात फिरवतो. झाडंपाखरं दावतो. दोनला आणतो." मी म्हटलं, याला निसर्ग निरीक्षण म्हणतात. म्हणाले, "तेच ते."

शत्रूचं मत असं न भांडता वळवता आलं पाहिजे. प्रबुद्ध दप्तर घेऊनच निघाला. मी अडवलं नाही. निसर्गात दप्तर नेलं तर निसर्गाचं काय जातं?

९ ऑगस्ट, सोमवार

निरीक्षण जोरात आहे. फक्त मुलांना ते सांगता येत नाही.

"आज काय बघितलं?"

"खार," तेजू म्हणाली.

"काल पण खारच होती."

"तीच होती."

दहाचं पोटदुखणं बंद झालं. दोघं साडेदहापासून तयार असतात. आबा तर दहापासूनच. दाढी रोज करायला लागलेत. परवा ओतूरहून पेन्सिल आणली. कशाला म्हटलं, तर म्हणाले कान कोराया. म्हाताऱ्या माणसाने एवढं टोक काढून कान कोरू नये, पण बोलायचं कुणी? त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना पांढरं लागलेलं असतं. पुन्हा तंबाखू-चुना सुरू केला वाटतं.

१९ ऑगस्ट, गुरुवार

पिठाच्या गिरणीत भिमाजी गुरुजी भेटले. मी मुद्दाम ऐकवलं, की तेजू आता घडाघडा वाचते. ते हसले. म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर माजा कायबी राग न्हाई. तुमी दोन काढली, तर हितं तीन आली."

दोनातून तीन! आणि हा माणूस गणित शिकवतो. मी वेळेवर पोरांना काढलं.

२ सप्टेंबर, गुरुवार

लाजेने मान खाली गेली आहे. हे पान कुणी वाचू नये.

कुशाबाई शाळेत खिचडी शिजवते. आज ओढ्यावर म्हणाली, "तुजी पोरगी लई गुणाची बाई. ताटली धुऊन ठिवती. प्रबुद्धला मातर दोनदा लागती." मी म्हटलं, काय लागतं? "खिचडी! अन् आबांना म्या म्हनलं, आबा, घ्या की थोडी, तर लाजत्यात. कवाकवा घेत्यात चार घास."

म्हणजे आबा पोरांना निसर्गाच्या नावाखाली शाळेतल्या फुकटच्या खिचडीला नेतात! मी स्वयंपाकात कमी पडते का? माझ्या हाताला चव नाही का? आबांना तोंडावर विचारलं तर त्यांची लाज जाईल. विहाराचे अध्यक्ष. कुशाबाई अजून काही सांगत होती, "वर्गात बसून कसं..." असं काहीतरी. मी ऐकायला थांबले नाही.

३ सप्टेंबर, शुक्रवार

घरी खिचडी केली. वाटाणे घालून, वरून तूप.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आठ दिवस सकाळी खिचडी. पोटभर खाऊन निघाले म्हणजे तिकडे हात पसरणार नाहीत. आज हे म्हणाले, "घरात कोणी आजारी आहे का?" आबा ताटाकडे बघून यांना म्हणाले, "भगवंता, गप जेव. तुज्या बायकोचा काय तरी विचार असंल."

पण बरोबर अकराला तिघं निघालेच.

१६ सप्टेंबर, गुरुवार

सगळं संपलं.

संध्याकाळी आठवलं, दसऱ्याला पाच आठवडे राहिले. तेजूला पेपर दिला आणि म्हटलं, वाच. माझ्या तेजूने, उलट्या पुस्तकातून घडाघडा वाचणाऱ्या तेजूने, ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "धर... धरणा... त... धरणात. पा... पाणी. सा... ठा. साठा." एका ओळीला पाच मिनिटं. कपाळावर घाम. वर म्हणते, "आई, बघ, वाचलं!" आणि हसली.

मीही हसले. मग गोठ्यात जाऊन रडले.

जुलैत पोर पळत होती, आता रांगते आहे. असं मागे कोणी जातं का? सात आठवडे खारी बघून हे झालं. दोष आबांचा नाही, दोष माझा. मी मागे चालायला लागले तेव्हाच सगळं चुकलं. शिबिरातल्या बाईंना मूलबाळ आहे का, हे मी विचारलंच नाही.

भोसरी डोळ्यांपुढून हलत नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

वहीशी खोटं बोलायचं नाही, म्हणून लिहिते. मी आज चोरी केली.

विहार झाडायला गेले. आत कोणी नव्हतं. ग्रंथ उघडून बघितला. तो एका ठिकाणी आपोआप उघडतो, तिथली शिवण सैल झाली आहे. तीनदा मिटला, तीनदा तेच पान. आबा काढतील ते हेच. तरी खात्रीसाठी वरचा कोपरा जरासा दुमडला. अगदी जरासा. मग पान वहीत उतरवून आणलं.

तेजूचं पाठांतर असं आहे, की दोनदा ऐकलं की झालं. ती पाठ म्हणेल, पुस्तक समोर असेल, कोणाला कळणार आहे?

११ ऑक्टोबर, सोमवार

पान पाठ झालं. पण पोरगी हट्टी. "आई, पाठ कशाला करू? मी वाचते की."

"वाचत बसायला आता वेळ नाही!" मी ओरडले.

ओरडल्यावर स्वतःचाच आवाज ऐकला. शिबिरात मी पहिल्या रांगेत बसले होते. घोकंपट्टीच्या विरोधात हात वर केला होता, दोन्ही हात.

१३ ऑक्टोबर, बुधवार

मतदान. सकाळी अकराला कोणी निघेना. प्रबुद्धला विचारलं तर म्हणाला, "आज निसर्ग बंद आहे." मतदान असलं म्हणून निसर्ग कसा बंद? "गुरुजींनी सांगितलं," म्हणाला. आबांनी त्याला हाक मारून बाहेर नेलं. निसर्गाच्या सुट्ट्या गुरुजी ठरवणार असतील तर कठीण आहे.

आबांच्या डोळ्यांचं मनावर घ्यायला हवं. मतदान केंद्राबाहेर यादी लावली होती. तिच्यापुढे बोट ठेवून अर्धा तास उभे होते. मतदान करून मी परत आले तरी तिथेच. एकेका नावाला हसत होते. म्हटलं, आबा, काय झालं? म्हणाले, "अंजना, ह्यो बघ, मी. भागुजी. छापलाय."

आपलं नाव यादीत असायचंच की. म्हातारपण.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

भोसरीची मंडळी आली. जाऊबाईंनी तेजूसाठी दप्तर आणलं आहे, गुलाबी, चाकं लावलेलं. निकाल लागायच्या आधीच. तेजूने ते ओसरीवर एकदा ओढून बघितलं आणि मला विचारलं, "आई, हे घेऊन बसमध्ये चढायचं असतं का?" मी म्हटलं, झोप आता. पदराचं टोक आज मीच तिच्या मुठीत दिलं.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. 

विहार भरला होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत. भिमाजी गुरुजीही आले होते, मागे भिंतीला टेकून. आबांनी प्रतिज्ञांचं पुस्तक हातात घेतलं. दरवर्षी ते बावीसच्या बावीस एका दमात म्हणतात, लोकांना त्यांच्यामागे धावावं लागतं. आज त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. थांबले. म्हणाले. दुसऱ्याखाली ठेवलं. पाचव्या प्रतिज्ञेला घाम फुटला. दहाव्याला लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुशाबाई माझ्या कानात म्हणाली, "आबा दमलं गं."  वाटलं, विसरले. माझ्या या शाळेच्या पायी माणूस असा झाला, आठ-आठ दिवस खिचडी घातली मी. भोसरीचे भाऊजी उठून मदतीला जायला लागले तर आबांनी हाताने खाली बसवलं. बावीस पूर्ण केल्या. अर्धा तास लागला.

मग ग्रंथ पुढे घेतला. माझा दुमडलेला कोपरा मला बसल्या जागेवरून दिसत होता. आबांनी ग्रंथ उघडला, बरोब्बर तेच पान. माझा जीव भांड्यात पडला. आबांनी अंगठ्याने तो कोपरा सरळ केला, माझ्याकडे बघितलं आणि ग्रंथ मिटला.

माझा जीव भांड्यासकट गेला.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या. "तेजू, ये. ह्ये वाच." मी उठून काही बोलणार होते. यांनी माझा हात धरला. आज पहिल्यांदा यांना कोणतीच मोटार आठवली नाही.

तेजूने कागद उघडला, तो उलटा होता. तिने बघितला आणि स्वतःच सुलट केला. बोट ठेवलं आणि वाचायला लागली. तशीच, एकेक अक्षर जोडत, रांगत. पण कोणी चुळबुळलं नाही. तो कागद आता या वहीत ठेवला आहे. त्यात जे लिहिलं आहे ते असं:

"माजं नाव भागुजी. मी शाळंच्या दाराभायेर बसलो. कान आत व्हते. डोळे भायेर व्हते. मास्तर बोलले ते समदं पाठ झालं. फळा दिसला न्हाई. म्हणून वाचाया आलं न्हाई. ह्ये माज्या बायकोला ठावं व्हतं. ती गेली. मग कुणालाच ठावं नव्हतं. तेजूनं पुस्तक उलटं धरलं तवा मला कळलं. ही माजीच नात. आमी दोघं शाळंत गेलो. प्रबुद्ध पण. गुरुजीनी मला पयल्या रांगंत बसवलं. आता फळा दिसतो. ह्यो कागद मी लिवला."

तेजू शेवटचा शब्द वाचून वर बघून म्हणाली, "संपलं."

कोणी टाळी वाजवली नाही. भाऊजी, पन्नाशीचा माणूस, तोंडावर रुमाल धरून बसले होते. भिमाजी गुरुजी छताकडे बघत होते. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला, आणि मला तो सोडवावासा वाटला नाही.

अकरा वर्षं मी या घरात आहे. अकरा वर्षं रोज मी त्या माणसाच्या हातात पेपर दिला. चष्मा शोधून दिला. घसा, नजर, वय, मोठं मन, सगळं सुचलं, एवढं सोडून. मी बी.ए. आहे. आज मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्यांचं इतकं प्रेम वाटलं, की दोन्हींचं रडणं एकदमच आलं.

घरी आल्यावर पायाशी बसले. म्हटलं, "आबा, मी पान पाठ करून घेतलं होतं. माझी शाळा खोटी ठरली."

"खोटी कशी?" आबा म्हणाले. "तू पोरगी भायेर काढली नसतीस, तर मी आत कवा गेलो असतो?"

मग म्हणाले, "अंजना, आता खिचडी बंद कर माय."

२५ ऑक्टोबर, सोमवार

तेजू भोसरीला जाणार नाही. सकाळी घरी, अकरापासून वस्तीच्या शाळेत, तिच्या मर्जीने. आपली शाळा अर्धी उरली आहे, पण खरी आहे. गुलाबी दप्तर जाऊबाई परत नेत होत्या, तर आबा म्हणाले, "द्या हिकडं." चाकांचा आवाज साऱ्या वस्तीला ऐकू जातो.

आजपासून सहामाही परीक्षा. भिमाजी गुरुजींनी जाहीर केलं आहे, की वयाकडे बघून मार्क मिळणार नाहीत. पहिला पेपर पाढ्यांचा, तोंडी.

सकाळी बरोबर दहाला आबा खाटेवर आडवे झाले. पोटावर हात. म्हणाले, "अंजना, आज हितं लई दुखतंय बग."

मी कपाळावर हात ठेवून बघितला. म्हटलं, "मग नका जाऊ. आज मीच घेते तुमचा अभ्यास घरी. वेळापत्रक अजून आहे माझ्याकडे." आणि थाळी आणायला आत वळले.

बाहेर येईपर्यंत खाट रिकामी होती, आणि रस्त्यावरून चाकांचा आवाज येत होता.